‘सोड’ म्हणणाऱ्याचे मृत्युपत्र

मी, उकंडराव सखाराम गावंडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा शेती, शिक्षण मराठी सातवी पास, राहणार कामरगाव, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, घरच्या ओसरीवर बसून, दिवसाच्या उजेडात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती मात्र ठिकाणावर नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली आणि पुढचे बोलणे माझ्याशी न करता माझ्या बायकोशी केले, त्यावरून मला जे समजायचे ते समजले. कोणाच्या दाबाखाली, नशेत किंवा रागात मी हे लिहीत नाही. राग आहे, पण तो स्वतःवरचा आहे आणि त्याने अक्षर बिघडत नाही.

यापूर्वी १९५१ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही माझा एकुलता मुलगा बबनराव याच्या नावाने होते. तो कागद रद्द समजावा. त्यातला वारस माझ्या आधी गेला.

या कागदाचे खरे कारण घर किंवा वावर नाही. सहा वर्षांपूर्वी शंकरपटात बबन मेला आणि त्याचे बालंट भाऊसिंग दौलतसिंग राठोड, राहणार कामरगावचा तांडा, या माणसावर आले. दोष त्याचा नव्हता. तो कोणाचा होता, हे पाचव्या कलमात लिहिले आहे आणि भाऊसिंगाच्या नावावरचा डाग माझ्या जिवंतपणी पुसला जावा एवढीच माझी शेवटची इच्छा आहे. मिळकतीची कलमे आधी घेतो. तशी रीत आहे म्हणून, आणि खरे सांगायचे तर पाचव्या कलमापर्यंत पोहोचायला मला थोडा वेळ हवा आहे म्हणून.

कलम पहिले. राहते घर, मागचा गोठा आणि परसातली विहीर माझी पत्नी कस्तुराबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, व तिच्यानंतर सून तुळसाबाई हिला. भांडी, कणग्या, दागिने ही कस्तुराबाईचीच आहेत. माझे म्हणून देण्यासारखे त्यात काही नाही. पोस्टाच्या पुस्तकात जे निघेल ते दोघींनी वाटून घ्यावे आणि वाटताना तिसऱ्याला मध्ये घेऊ नये.

पाचव्या कलमातली गोष्ट मी कस्तुराबाईला दिवाळीच्या आधी सांगितली. तिने ऐकून घेतले, आणि सुपात घेतलेली तूर निवडून पुरी केली. तेव्हापासून ती मला दोन्ही वेळ वाढते, पण ‘घ्या’ म्हणत नाही. चाळीस वर्षे ती ‘घ्या ना आखीन’ म्हणत आली होती. ही तक्रार नाही. माझ्यामागे कोणी तिला विचारील की शेवटी नवरा-बायकोचे बोलणे का नव्हते, तर तिला उत्तर देण्याचा त्रास पडू नये म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

कलम दुसरे. गावाच्या उगवतीचे बरडाचे वावर आणि नाल्याकाठचे काळ्या मातीचे वावर, दोन्ही तुळसाबाईला. बबन गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. मूलबाळ नाही. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरे लग्न होते. तिला दोन ठिकाणांहून मागणी आली, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, “मामाजी, पटानं नेलं ते पाटानं भरून येते काय?” मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यात स्वार्थ होता. ती गेली असती तर या घरात आम्ही दोघे म्हातारे एकमेकांची तोंडे पाहत बसलो असतो. आता स्पष्ट लिहितो की तिने पाट लावला तरी वावरे तिचीच राहतील. ‘बाई दुसऱ्या घरची झाली’ असे म्हणून कोणा भाऊबंदाने वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवू नये.

तिसरे वावर, ज्याला आसपासची गावे पटाचे वावर म्हणतात, तेही तिलाच. पण त्याला अटी आहेत. त्या सहाव्या कलमात आहेत.

कलम तिसरे. हा कागद उद्या अकोल्याच्या कचेरीत एखाद्या परमुलखातल्या साहेबापुढे गेला तर त्याला समजावे म्हणून सांगतो. शंकरपट म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत. आमच्याकडे ती महाशिवरात्रीला भरते. ओझ्याची गाडी यात चालत नाही. दोन हलकी चाके, एक दांडी आणि मधे हातभर फळी, एवढीच छकडी असते. तिच्यावर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. धुरकरी पोटासाठी हे करीत नाही. सारे शेतकरीच. वर्षभर नांगर, वखर, आणि हिवाळ्याचे दोन महिने हे वेड. बक्षिसाला फेटा किंवा चांदीचे कडे, आणि वर्षभर गावोगावच्या पारावर नाव. बैल पळण्याच्या आधी जागेवर थांबत नाहीत, म्हणून प्रत्येक जोडीपुढे एक धरणारा वेसण धरून उभा असतो. झेंडीवाला झेंडी खाली पाडतो आणि त्याच वेळी ‘सोड!’ म्हणून ओरडतो. धरणारा बाजूला होतो, जोडी सुटते. १९३३ पासून एकोणीस वर्षे कामरगावचा झेंडीवाला मी होतो. माझा आवाज जऊळक्याच्या टेसनापर्यंत जातो असे लोक थट्टेने म्हणत.

आमच्या जोडीपैकी लाखा मागच्या पोळ्याआधी गेला. पाखऱ्या आहे. त्याला विकू नये, जुंपू नये. तो तांड्याकडे तोंड करून उभा राहतो, त्याला तसाच उभा राहू द्यावा.

छकडी गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगली आहे. ती मोडावी. जाळू नये, लाकूड चांगले आहे. चाकांच्या लोखंडी धावा लोहाराला द्याव्यात, दांडीचे जे होईल ते करावे, मात्र पुन्हा छकडी करू नये. जिंकलेले अकरा फेटे तुळसाबाईने गोधडीत घालावेत. चांदीची तीन कडी आहेत, ती तिने मोडून टाकावीत किंवा ठेवावीत. बबनने जिंकलेले कोणते आणि माझ्या वडिलांचे कोणते हे तिला माहीत आहे.

लाल झेंडी माझ्या लोखंडी पेटीत आहे. कोणी मान म्हणून ती माझ्या तिरडीवर ठेवू नये.

कलम चौथे. रामराव केशवराव इंगोले, माझे धुरेशेजारी आणि पटाचे पंच, यांच्याशी माझे बोरीच्या झाडावरून भांडण आहे. बोर धुऱ्यावर आहे. बुंधा माझ्याकडे आणि फांद्या त्यांच्याकडे. अठरा वर्षे ते बोरे खातात आणि म्हणतात, “उकंडराव, झाड तुमचं असन, बोरं तं माह्या वावरात येऊन पडते. म्या काय त्याईले वापस पाठवू?” एकदा मी रागाने त्या बाजूची फांदी तोडली, तर झाड पुढच्या वर्षी त्याच बाजूने दुप्पट फुटले. हे झाड मी त्यांना देतो. देण्यात मोठेपणा काही नाही, झाडाने निकाल आधीच दिला आहे. आणि पुढे त्यांच्याकडून मला एक कठीण काम करून घ्यायचे आहे.

कलम पाचवे. आता लिहितो.

पटाचा एक नियम मी आणि रामरावांनी मिळून केला होता. १९४१ साली एक मोकाट जोडी धुरकऱ्यावाचून पहिली आली आणि डोकी फुटेपर्यंत भांडणे झाली. तेव्हा आम्ही ठरवले की धुरकऱ्याच्या हातून कासरा सुटला तर जोडी बाद. नियम भांडणे मिटवण्यासाठी होता आणि भांडणे मिटलीही. पण धुरकऱ्यांनी त्यावर तोड काढली. ते कासऱ्याचे दोन पीळ डाव्या मनगटाला गुंडाळू लागले, म्हणजे सुटण्याचा प्रश्नच नको. कासरा काचून मनगटावर घट्टा पडे. त्याला ते धुरकऱ्याचे कडे म्हणत आणि बाही वर करून मिरवत. बबनच्या मनगटावर ते होते. लग्नात हळद लावताना बायका त्यावरून त्याला चिडवत होत्या आणि मला अभिमान वाटत होता, हेही लिहितो.

पोहरादेवीकडच्या एका धुरकऱ्याची छकडी उलटली तेव्हा कासरा सुटेना म्हणून त्याची दोन बोटे गेली. ते पाहून आल्यापासून मी बबनला सांगत होतो की पीळ घालू नको. तो म्हणे, “बाबा, नियम तुमचाच हाय. कासरा सुटला तं तुमीच मले बाद करसान.” नियम मागे घ्यावा, हे मला सुचले नाही.

१९५२ सालची महाशिवरात्र. दुपारचे तीन वाजले असतील. आमची जोडी आणि जऊळक्याची जोडी अशी फेरी होती. आमच्या बैलांची वेसण भाऊसिंगाने धरली होती. लहानपणापासून त्याने त्यांना चारले होते, दोघेही बैल त्याचेच ऐकत. जऊळक्याची जोडी अजून जागेवर आली नव्हती. बबन बैलाच्या गळ्याचे जोते सारखे करायला उतरत होता, एक पाय फळीवर आणि एक जमिनीवर. मी वीस पावले पुढे, बाजूला, झेंडी वर धरून उभा. मला त्याच्या मनगटाचे पीळ दिसले.

मी ओरडलो, “बबन, सोड ते!”

पीळ सोड, असे मला म्हणायचे होते. ढोल वाजत होते. बैल धरणाऱ्याचे तोंड बैलांकडे असते आणि पाठ झेंडीकडे. त्याला झेंडी दिसत नाही, तो ऐकतो. झेंडी लोकांसाठी असते, शब्द धरणाऱ्यासाठी. एकोणीस वर्षे दोन्ही एकदम होत आली म्हणून त्यांतला फरक कोणाच्या ध्यानात आला नव्हता. भाऊसिंगाच्या कानावर माझ्या तोंडचा एकच शब्द गेला, जो ऐकण्यासाठी तो तेथे उभा होता. तो बाजूला झाला.

बैल गेले. पटाची लांबी साडेतीनशे पावले आहे. पुढचे मी लिहीत नाही.

ऊन उतरायच्या आत तिथेच बाभळीखाली पंच बसले. भाऊसिंगाच्या तोंडावर माती होती, कारण तो बैलांमागे शेवटपर्यंत धावला होता आणि दोनदा पडला होता. तो म्हणाला, “मालकानं सोड म्हनलं. म्या आइकलं.”

रामरावांनी मला विचारले, “उकंडराव, तुमी सोड म्हनले काय?”

मी म्हणालो, “झेंडी वर होती.”

झेंडी वर होती हे दोन हजार लोकांनी पाहिले होते. ते वाक्य खरे होते. रामराव म्हणाले, “झेंडी वर होती, तं हा खोटं बोलून राह्यला,” आणि मी काही बोललो नाही. बबनला घोंगडीखाली ठेवले होते. मुलगा गेला तो गेलाच, आणि नेणारा शब्दही माझाच, ही दोन ओझी मला एकदम उचलता येईनात. एक मी उचलले आणि दुसरे भाऊसिंगाच्या डोक्यावर ठेवले. उद्या सांगू असे वाटले होते. दहावा झाला, तेरावा झाला. गावोगावचे धुरकरी बैल न घेता पायी आले, बाह्या खाली ओढून बसले आणि खाली मान घालून उठून गेले. त्यांच्यापुढे सांगायला हवे होते. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या गावांच्या पटांत तेच धुरकरी तेच पीळ घालून बसले, कारण त्यांना सांगण्यात आले होते की चूक धरणाऱ्याची होती.

त्या दिवसापासून भाऊसिंगाला कोणत्याही पटात कोणी बैल धरू दिला नाही. त्याचे नाव सोड्या पडले. बाजारात लोक म्हणत, “सोड्या, माही पिशी धरतं काय? नको बाप्पा, सोडून देशीन!” त्याची बायको रुपाबाई समोरून आली की तुळसाबाई वाट बदले. मी ते ओसरीवरून पाहिले आहे. भाऊसिंग आता हंगामात दूर कामाला जातो, जेथे त्याचे नाव फक्त भाऊसिंग आहे.

हे सर्व मी शुद्धीवर, स्वतःहून लिहिले आहे. सोड मी म्हणालो. भाऊसिंगाने चूक केली नाही.

कलम सहावे. तेव्हापासून मी वावर दिले नाही, त्यामुळे कामरगावचा पट भरला नाही. या मार्गशीर्षात रामराव वावर मागायला आले. मी अटी सांगितल्या. त्या अशा. कासरा सुटल्यावरून जोडी बाद करण्याचा नियम रद्द. कोणीही कासरा हाताला गुंडाळू नये, आणि जोडी सुटण्याआधी पंचांनी प्रत्येक धुरकऱ्याचे मनगट हाताने चाचपून पाहावे, नुसते विचारू नये. धुरकरी फळीवर नीट बसल्याशिवाय झेंडीवाल्याने तोंड उघडू नये. पटाच्या शेवटी शंभर पावले जमीन नांगरून भुसभुशीत ठेवावी, म्हणजे बैल आपोआप मंदावतात. लोकांनी धुऱ्याच्या पलीकडे उभे राहावे. खिळ्याची काठी वापरणाऱ्याला वावराबाहेर काढावे, मग तो कोणाचाही जावई असो.

रामराव हसले. म्हणाले, “एवढं सारं केलं तं त्याले पट कायले म्हनाव? बैलगाडीनं बाजारले जानंच झालं.”

मी म्हणालो, “बाजारातून मानूस घरी येते, रामराव.”

बोरीखाली बसलो होतो, पण त्यांनी बोर उचलले नाही.

पट भरवू द्यायचा की नाही हे दरसाल तुळसाबाईने ठरवावे. यातली एक अट मोडली तर तिने वावर नांगरून ज्वारी पेरावी. पंचांनी तिच्या दारी जाऊन तिला विचारावे, तिला पारावर बोलावू नये.

कलम सातवे. हे कलम खोडले आहे. येथे मी बरडाच्या वावरातला तांड्याकडचा दोन एकरांचा तुकडा भाऊसिंगाच्या नावाने लिहिला होता. खोडण्याचे कारण सांगणे भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की म्हाताऱ्याने आयत्या वेळी हात आखडला.

गेल्या रविवारी सकाळी मी भाऊसिंगाला बोलावले. ओसरीवर ये म्हटले, तो आला नाही, खाली पायरीजवळ उकिडवा बसला. मी पाचवे कलम पूर्ण वाचून दाखवले. तो जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. वाचून झाले तरी त्याने मान वर केली नाही.

“आखीन एक डाव वाचा,” तो म्हणाला.

मी पुन्हा वाचले.

“मंग मी बहिरा नव्हतो.”

“नाई.”

“सहा साल मले वाटे, आपलाच कान फुटला. रुपाबाई म्हने, वाऱ्यानं आइकू आलं असन, जाऊ द्या. म्या कानात तेल घालून घालून पाह्यलं, मालक. तांड्यात कोनी हाक मारली तं मी दोन डाव इचारतो, मलेच बलावलं काय म्हनून.”

मी सातवे कलम वाचले. ते ऐकून त्याने काडी टाकली.

“दोन एकर. म्हंजे एका कानाले एक एकर?”

“तसं नाई, भाऊसिंग. तुह्यं नुकसान झालं.”

“वावर घेतलं तं लोक म्हनतीन, सोड्यानं म्हाताऱ्याच्या उशाशी बसून लिहून घेतलं. मंग तुमचं पाचवं कलम कोन खरं मानन? अन हा कागद तुमी मेल्यावर उघडन. तुमी जित्ते हा ना? जित्त्या तोंडानं सांगा. जिथं झेंडी वर होती म्हनले, तिथंच सांगा.”

“छातीचं काई खरं नाई.”

“मंग लौकर सांगा.”

तुळसाबाई दारात उभी होती. ती केव्हा आली हे मला कळले नाही. पाचवे कलम तिने दोन्ही वेळा ऐकले असावे. नवऱ्याचे नाव न घेता ती म्हणाली, “मामाजी, तुमी पीळ सोड म्हनले, ते त्याईनं आइकलं होतं काय?”

“हो.”

“मंग?”

सहा वर्षे हे मला कोणी विचारले नव्हते, कारण विचारण्यासारखे कोणाला काही माहीत नव्हते. बबनला उचलणाऱ्यांत मी पहिला होतो. मनगट मीच मोकळे केले.

“दोन पीळ घातले होते,” मी म्हणालो. “सोड म्हनल्यावर त्यानं एक सोडला होता. दुसऱ्याले टाइम भेटला नाई.”

ती भाऊसिंगाकडे पाहत राहिली. मग पायरीपर्यंत आली, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळाने जात्याचा आवाज सुरू झाला. ओसरीच्या टोकाला बसलेली कस्तुराबाई उठली आणि खुंट्याला दुसरा हात लावायला आत गेली. बराच वेळ दळण चालले होते. एवढे पीठ दोन दिवसांतही लागणार नव्हते.

भाऊसिंग पाणी प्यायला. जाताना म्हणाला, “अन पटात शब्द ठेऊच नका, मालक. घरात, वावरात, मानूस दिवसातून धा डाव सोड म्हनते. थाळी वाजवा. थाळी कोनी उगाच वाजवत नाई.”

कलम आठवे. म्हणून सहाव्या कलमात भर घालतो की यापुढे जोडी सोडण्याचा इशारा तोंडाने देऊ नये. काशाची थाळी वाजवावी, आणि वाजवणाऱ्याने धरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहावे, पाठीमागे नाही.

येत्या महाशिवरात्रीला मी पटाच्या वावरात जाईन. चालवले नाही तर साध्या गाडीत घालून न्यावे. पहिली जोडी जुंपण्याआधी, त्याच बाभळीखाली, सर्व गावांच्या धुरकऱ्यांसमोर मी पाचवे कलम माझ्या तोंडाने सांगेन. आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, तरी ढोल बंद ठेवले तर पुरेल.

तोवर मी राहिलो नाही, तर ते कलम रामराव इंगोले यांनी तेथे मोठ्याने वाचावे. प्रश्न त्यांनी विचारला होता, उत्तरही त्यांच्याच तोंडून लोकांनी ऐकावे. हे त्यांना सांगितले तेव्हा ते चिडले. म्हणाले, “म्या कायले वाचू? खोटं बोलून राह्यला असं तं म्याच म्हनलं होतं त्याले. माह्यावरच येते ते.”

“म्हनूनच,” मी म्हणालो.

त्यांनी डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. “तुमी जगा हो पंधरा-वीस दिवस,” ते म्हणाले. “माह्याच्यानं नाई होनार.” पण नाही म्हणून ते उठले नाहीत, आणि आज सही करायला आले आहेत.

पाचवे कलम सांगितले किंवा वाचले जाईपर्यंत त्या वावरात कोणीही जोडी जुंपू नये. या मृत्युपत्राचा अंमल पाहण्याचे काम मी तुळसाबाईला देतो. तिला लिहिता-वाचता येते आणि तिला कोणी गप्प करू शकणार नाही.

माझे दिवस साधेपणाने करावेत. धुरकरी आले तर त्यांना जेवू घालावे, आणि जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने आपले मनगट तुळसाबाईला दाखवावे. घट्टा ताजा दिसला तर तिने त्याला काय म्हणायचे ते ती ठरवील.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले. सातव्या कलमावरची रेघ माझ्या हातची आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना मी सही केली आहे. दुसरी खाडाखोड नाही.

मुक्काम कामरगाव, दिनांक २८ जानेवारी १९५८, मंगळवार.

(सही) उकंडराव सखाराम गावंडे

आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की उकंडराव गावंडे यांनी हा कागद आमच्यासमोर पूर्ण वाचला व आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार पहिला: (सही) रामराव केशवराव इंगोले, पंच, कामरगाव.

साक्षीदार दुसरा: भाऊसिंग दौलतसिंग राठोड, तांडा कामरगाव. निशाणी डाव्या अंगठ्याची. अंगठा करण्याआधी त्याने जे सांगितले ते त्याच्या आग्रहावरून त्याच्याच शब्दांत, रामराव इंगोले यांच्या हातचे:

“हे म्या आइकलं. माफ केलं असं यात कुठी लिहू नका.”